बाई, वर बघा ना!

मुलांनो, आज आधी माझीच एक चूक तुम्हाला सांगते. चुका कबूल करायच्या त्या फक्त मुलांनीच, असा काही नियम नाही ना?

मार्च महिना होता. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. आमच्या प्रताप नगरात त्या दिवसांत सकाळी दहालाच रस्ता चटके देऊ लागतो. तिसरीच्या वर्गात मी गणिताच्या वह्या तपासत बसले होते. समोर वह्यांचा ढीग, हातात लाल पेन. तेवढ्यात एक मुलगी टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"बाई..."

"हं, बोल." माझं पेन चालूच.

ती गप्प.

"बोल ना, ऐकते आहे मी."

पुन्हा गप्प. मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "बाई, वर बघा ना!"

सगळा वर्ग चिडीचूप झाला. बाईंना असं कोणी म्हणतं का? मी वर बघितलं. तिचे ओठ सुकले होते, आणि डोळे भरून आले होते. त्याच आठवड्यात ती दोनदा अशीच टेबलाशी आली होती. दोन्ही वेळा मी मान खाली ठेवूनच "बोल" म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा ती "काही नाही" म्हणून परत गेली होती.

तिला सांगायचं होतं ते असं. मधल्या सुट्टीत वरच्या वर्गातला एक मोठा मुलगा पाण्याच्या नळापाशी उभा राहायचा. मी विचारलं, "मारतो का? शिव्या देतो का?"

"नाही जी. तो काहीच बोलत नाही. नुसता नळावर हात ठेवून उभा राहते."

एवढंच! एक हात नळावर आणि पाय फाकवून उभं राहणं. तिसरीतली चार-पाच मुलं तीन दिवस पाणी न पिताच वर्गात परत येत होती. आणि तक्रार तरी काय करणार? 'तो उभा राहतो' ही काय तक्रार झाली?

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. नळावरचा तो हात आणि माझी खाली घातलेली मान, या दोन गोष्टी मला सारख्याच वाटू लागल्या. त्यानं तोंड न उघडता सांगितलं होतं, 'इथे मी मोठा.' आणि मीसुद्धा वर न बघता तेच सांगत होते!

म्हणून आजचा आपला विषय हाच. न बोलता आपण मोठेपणा कसा गाजवतो?

कोंबड्या आणि रॉकेलचे डबे

सुरुवात कोंबड्यांपासून करू. नॉर्वे देशात थोर्लीफ शेल्डरुप-एबे नावाचा एक मुलगा होता. त्याला कोंबड्यांचं भारी वेड. कोण कोणाला टोचतं याची तो चक्क नोंद ठेवायचा. मोठेपणी तो शास्त्रज्ञ झाला आणि १९२१ साली त्यानं आपलं निरीक्षण प्रसिद्ध केलं. खुराड्यात एक उतरंड असते. पहिली कोंबडी सगळ्यांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना टोचते आणि शेवटचीनं सगळ्यांची चोच खायची. गंमत म्हणजे ही उतरंड एकदा ठरली की भांडणं कमी होतात. मोठीनं नुसती मान वर केली, तरी धाकटी बाजूला होते.

दुसरी गोष्ट चिंपांझींची. जेन गुडाल या १९६० साली आफ्रिकेतल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझींचा अभ्यास करायला गेल्या. तिथे एक चिंपांझी होता. त्याचं नाव त्यांनी माइक ठेवलं होतं. कळपात त्याला कोणी विचारत नसे. एक दिवस त्याला गुडालबाईंच्या छावणीतले रॉकेलचे रिकामे डबे सापडले. मग काय विचारता! डबे आपटत, घरंगळत नेत तो खडखडाट करत सगळ्यांच्या अंगावर धावून जाऊ लागला. थोड्याच काळात माइक कळपाचा म्होरक्या झाला, तोही फारशी मारामारी न करता. नुसत्या आवाजाच्या जोरावर!

आता खरं सांगा. असा डबे वाजवणारा माइक तुमच्या वर्गात नाही का? कोणी बाक आपटतं, कोणी मोठ्यांदा हसतं, कोणी दप्तर धाडकन टाकतं. अर्थ एकच, 'मी आलो, बाजूला व्हा.'

माणसांच्या खुणा

आपण माणसं कोंबड्यांसारखं टोचत नाही. आपल्या खुणा बारीक असतात. त्यातल्या काही सांगते.

पहिली खूण डोळ्यांची. १९८० च्या दशकात अमेरिकेत स्टीव्ह एलिसन आणि जॉन डोव्हिडिओ या मानसशास्त्रज्ञांनी दोन माणसांच्या गप्पांचा अभ्यास केला. बोलताना समोरच्याकडे किती वेळ बघितलं आणि ऐकताना किती वेळ बघितलं, हे त्यांनी वेगवेगळं मोजलं. आपण साधारणपणे ऐकताना जास्त बघतो आणि बोलताना कमी. पण ज्याच्या हातात अधिकार असतो, तो बोलताना रोखून बघतो आणि ऐकताना मात्र इकडेतिकडे बघितलं तरी त्याचं चालून जातं. हे वाचलं तेव्हा मला माझं लाल पेनच आठवलं! मी शिकवताना सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं, आणि मूल बोलतं तेव्हा मी वहीत बघायचं.

दुसरी खूण जागेची. बाकावर कोपर पसरून कोण बसतं आणि अंग चोरून कोण बसतं? उन्हाळ्यात तर आपल्या नागपुरात ही खूण ओळखणं फार सोपं. घरात कूलरच्या थेट वाऱ्यासमोरची जागा कोणाची असते, ते बघा. ती व्यक्ती खोलीत आली की तिथे बसलेला माणूस आपोआप उठतो. कोणी 'ऊठ' असं म्हणत नाही.

तिसरी खूण वेळेची. कोण कोणाला थांबवून ठेवतं? "जरा थांब" म्हणायचा हक्क कोणाला असतो?

चौथी, मधेच बोलणं तोडणं. कॅलिफोर्नियात डॉन झिमरमन आणि कँडेस वेस्ट यांनी १९७५ साली स्त्री-पुरुषांच्या अकरा जोड्यांचं बोलणं टेपवर ऐकून मोजणी केली. अट्ठेचाळीस वेळा बोलणं मधेच तोडलं गेलं होतं. त्यातल्या सेहेचाळीस वेळा तोडणारा पुरुष होता! नमुना अगदी लहान होता, आणि नंतरच्या सगळ्या अभ्यासांत आकडे इतके एकतर्फी आले नाहीत. पण आपल्या घरात हा आकडा काय येईल, हे मोजून बघायला काय हरकत आहे?

पाचवी खूण स्पर्शाची. साहेब शिपायाच्या खांद्यावर हात ठेवतो, शिपाई साहेबाच्या ठेवत नाही. मोठी माणसं लहानांचे गाल ओढतात, लहानांनी मोठ्यांचे ओढले तर? माया म्हणून ठेवलेला हात वेगळा, तो आपल्याला बरोबर कळतो. पण एखादा स्पर्श आवडला नाही तर "मला नाही आवडत" असं स्पष्ट म्हणायचं आणि घरी सांगायचं. यात उद्धटपणा अजिबात नाही.

सहावी खूण आवाजाची, आणि ही मला फार लवकर कळली. मी दहा वर्षांची असताना बाबांबरोबर एका कचेरीत गेले होते. दाखला हवा होता. टेबलापलीकडचे गृहस्थ कागद चाळत राहिले. समोर एक खुर्ची रिकामी होती, पण त्यांनी बसा म्हटलं नाही आणि बाबा बसले नाहीत. घरी खणखणीत बोलणारे माझे बाबा तिथे हात बांधून, इतक्या पातळ आवाजात बोलत होते, की मला वाटलं यांना बरं नाही. परत येताना मी विचारलं, "बाबा, खुर्ची रिकामी होती ना?" बाबा सायकल चालवत राहिले. काहीच बोलले नाहीत.

एक शब्दही न बोललेला बादशहा

आता इतिहासातला प्रसंग. तुम्हाला तो पाठ असेल, पण आज त्याच्याकडे या खुणांच्या नजरेनं बघा.

१२ मे १६६६. आग्र्याचा दरबार, औरंगजेब बादशहाचा वाढदिवस. पुरंदरच्या तहानंतर मिर्झाराजे जयसिंगांच्या शब्दावर शिवाजी महाराज तिथे गेले होते. सोबत जेमतेम नऊ वर्षांचे संभाजीराजे. महाराजांनी नजराणा पेश केला. बादशहा काय म्हणाला? काहीच नाही. शिवी दिली नाही, अपमानाचा एक शब्द काढला नाही. फक्त बोलला नाही. महाराजांना मागे पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत नेऊन उभं केलं. मानाची वस्त्रं वाटली गेली, ती इतरांना मिळाली. पुढे जसवंतसिंह उभे होते.

बघा, मुलांनो. आपण आत्ता मोजलेल्या खुणांपैकी तीन तरी इथे हजर आहेत. न बघणं, मागची जागा देणं, ताटकळत ठेवणं. दरबारातल्या प्रत्येकाला ही भाषा कळत होती. महाराजांनाही कळली, आणि त्यांनी उत्तर त्याच भाषेत दिलं. त्या दिवसांत आग्र्यात असलेल्या रजपूत अधिकाऱ्यांनी लिहिलेली पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांत सांगितलंय, की महाराज संतापले, त्यांनी सिंहासनाकडे पाठ फिरवली आणि बाजूला जाऊन बसले. मिर्झाराजांचा मुलगा रामसिंग हात धरू लागला, तर तो हातही झटकला. भर दरबारात बादशहाकडे पाठ! पुढे नजरकैद झाली, ऑगस्टमध्ये महाराज तिथून निसटले, आणि १६७४ साली रायगडावर स्वतःच्या सिंहासनावर बसले.

मी लहानपणी हा धडा वाचला, तेव्हा मला बाबांचा राग आला होता. यांनी का नाही पाठ फिरवली? आज नाही येत. दाखला हवा होता, माझ्याच शाळेसाठी. त्यांनी पाठ फिरवली असती तर माझं वर्ष गेलं असतं. प्रत्येकाला प्रत्येक वेळी पाठ फिरवता येत नाही. म्हणून खुर्चीवर बसलेल्या माणसावर जबाबदारी जास्त. "बसा" हा शब्द त्यानंच म्हणायचा असतो.

नळ आणि चहा

आमच्या प्रताप नगराहून दीक्षाभूमी काही लांब नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे लाखो लोकांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारला. तुम्ही सगळे तिथे गेलाच असाल. पण लहानपणी साताऱ्याच्या शाळेत शिकताना बाबासाहेब कुठे बसायचे, माहीत आहे? वर्गात एका बाजूला, घरून आणलेल्या गोणपाटावर. ते गोणपाट रोज घरी परत न्यावं लागे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. आणि नळाला हात लावायची त्यांना मनाई होती. शिपायानं नळ सोडला तरच पाणी. शिपाई जागेवर नसेल त्या दिवशी तहानलेलंच राहायचं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीनं प्यायलं, ते कशासाठी, हे आता तुमच्या लक्षात येईल.

आमच्या शाळेतल्या त्या मुलाचा हात आणि हा शेकडो वर्षांचा अन्याय यांची बरोबरी होऊच शकत नाही. पण नळावरचा हात पाहिला की गप्प बसायचं नाही, एवढं तरी आपण यातून शिकायलाच हवं.

आणि ज्याच्याकडे मोठेपणा आहे, तो तो खाली कसा ठेवू शकतो? कोल्हापूरला गंगाराम कांबळे यांनी चहाचं दुकान काढलं. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार, म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. मग राजर्षी शाहू महाराज आपली गाडी तिथे थांबवून, सर्वांच्या देखत चहा मागवून पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावू लागले. राजानं पेला तोंडाला लावला, की बाकीच्यांनी काय नाही म्हणायचं? हीसुद्धा न बोलता सांगितलेलीच गोष्ट, पण उलट्या दिशेनं.

घाईनं निकाल लावू नका

आता एक इशारा. हे वाचून लगेच डिटेक्टिव्ह बनू नका! एका खुणेवरून माणूस कळत नाही. हाताची घडी घातली म्हणजे घमेंड, असं नाही, थंडीही वाजत असेल. कोणी नजरेला नजर देत नाही, तो लाजाळू असेल. आपल्याकडे तर मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं म्हणजे आदर, असं कित्येक घरांत शिकवतात. चार-सहा वेळा बघा, मग ठरवा.

आणि छाती फुगवून उभं राहिलं की माणूस खरोखर धीट होतो का? २०१० साली अमेरिकेत एका अभ्यासात असं सांगितलं गेलं, की दोन मिनिटं ऐटीत उभं राहिल्यानं शरीरातली रसायनंसुद्धा बदलतात. बातमी जगभर गाजली. पण २०१५ साली जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तर रसायनांत तसा बदल काही दिसला नाही. ताठ बसा, छानच दिसतं. पण ऐटीत उभं राहिल्यानं कोणी मोठं होत नाही, बरं का.

मग नळाचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी नळापाशी गेले. त्या मुलाला रागावले नाही. पायरीवर बसले, म्हणजे आमची उंची सारखी झाली. विचारलं तर तो म्हणाला, "मी तं काहीच नाही केलं बाई. मी तं बोललोही नाही कोणाला." खरंच होतं ते!

मग मी म्हटलं, "बरं. आता मी तिथे उभी राहते, तू पाणी प्यायला ये." मी नळावर हात ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. तो हसत हसत आला. दोन पावलांवर थांबला. हसणं गेलं. खाली बघून म्हणाला, "बाई, हात काढा ना."

मी हात काढला. त्याच्या काय लक्षात आलं ते मी विचारलं नाही.

सगळं एका दिवसात सुधारलं, असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. चार दिवस ठीक गेले, पाचव्या दिवशी हात पुन्हा नळावर. पण या वेळी तिसरीतली ती मुलं एकेकटी गेली नाहीत. पाचही जणं एकदम गेली, आणि तीच मुलगी म्हणाली, "दादा, हात काढ ना." त्यानं काढला. आता ती टेबलाशी येते तेव्हा मी पेन खाली ठेवते. विसरले की वर्गाला परवानगी आहे, सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "बाई, वर बघा ना!" आठवड्यातून दोनदा तरी म्हणावं लागतं. सवय जुनी आहे, जायला वेळ लागणार.

या रविवारचा उद्योग

वहीच्या एका पानावर चार रकाने आखा. 'कोण आधी बसलं', 'कोणाचं बोलणं तोडलं', 'कोण ऐकताना बघत होतं', 'कोण उभंच राहिलं'. संध्याकाळी सगळे जेवायला बसले की गुपचूप खुणा करा. विशेषतः चौथा रकाना नीट भरा. बहुतेक घरांत तिथे एकाच व्यक्तीचं नाव येतं, आणि ती गरम पोळ्या वाढत असते. तसं झालं, तर पुढच्या वेळी उठून पाट तुम्हीच मांडा आणि म्हणा, "आई, तू बस." पाहुण्यांच्या खुणा मात्र त्यांच्या तोंडावर वाचून दाखवायच्या नाहीत हं! आणि एक ओळ स्वतःबद्दलही लिहा. धाकटा भाऊ किंवा बहीण बोलायला आली, तेव्हा तुम्ही काय करत होता?

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. माझ्या हातात लाल पेन होतं, तुमच्या हातात बहुधा मोबाईल असतो. मूल "काही नाही" म्हणून परत गेलं, तर कृपा करून त्याला हाक मारून परत बोलवा. तीन दिवस पाणी न प्यायलेलं मूलसुद्धा "काही नाही" असंच म्हणतं.

तर मुलांनो, भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर कोणी बोलायला आलं, तर मान वर!

तुमच्या बाई
प्रताप नगर, नागपूर